नत्थुजींचा वाक्यात उपयोग

आमची कॉलनी नत्थुजींना देव मानत नाही. कधीच मानत नव्हती. हे एकदा ठासून सांगितलं म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळा. हेच मी आजवर तीन ठिकाणी बोललो आहे: एकदा घरी, एकदा कॉलनीच्या मीटिंगमध्ये आणि एकदा सरकारी टेबलापुढे, सहीनिशी. घरी कुणी ऐकलं नाही, मीटिंगमध्ये कुणी बोलू दिलं नाही, आणि टेबलापुढे सगळ्यांनी ऐकलं तेव्हा ते मलाच ऐकवेना.

हे सगळं घडलं एका इंग्रजी क्रियापदामुळे. अठ्ठावीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालो. शिकवण्याची सवय मात्र निवृत्त होत नाही. म्हणून अकोल्यातल्या आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रोज सकाळी साडेसहाला 'आजचा शब्द' पाठवतो. शब्द, अर्थ आणि वाक्यात उपयोग, असे तीन भाग. पावणेदोनशे दिवस मी हा ज्ञानयज्ञ चालवला. त्याला एकूण एक प्रतिसाद आला होता. तो म्हणजे, "सर, सिलिंडरची गाडी तुमच्याकडून गेली काय?" ग्रुपवर रोज गुलाबाची फुलं येतात, चहाचे कप येतात, हरवलेल्या मांजरीचे फोटो येतात. त्या गर्दीत माझं क्रियापद रोज सकाळी जन्माला येऊन दहा मिनिटांत वर सरकून जायचं.

त्या दिवशीचा शब्द होता 'आयडलाइज'. मी मन लावून अर्थ लिहिला. 'एखाद्याला प्रमाणाबाहेर मानणे, देव्हाऱ्यात नेऊन बसवणे. ॲडमायर म्हणजे कौतुक करणे. पण कौतुक करता करता समोरचा माणूस कसा आहे हे बघायचंच सोडून दिलं, की तिथे आयडलाइज वापरावे.' इतकी स्वच्छ व्याख्या कोशातही सापडायची नाही. मग राहिला वाक्यात उपयोग. राम, सीता आणि मोहन यांना मी पावणेदोनशे दिवस राबवून घेतलं होतं. त्यांच्याकडून आता काही होण्यासारखं नव्हतं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. कोपऱ्यावरच्या चेंबरपाशी नत्थुजी उकिडवे बसून ती लांबलचक लोखंडी चावी दोन्ही हातांनी फिरवत होते.

नत्थुजी म्हणजे आमचे वॉलमन. दर चौथ्या दिवशी व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडणारा माणूस. बसलेले दिसले म्हणून वाक्यात बसवले, यापलीकडे माझ्या मनात काहीही नव्हतं. मी इंग्रजीत वाक्य लिहिलं आणि खाली, भगिनीवर्गाच्या सोयीसाठी, मराठीही दिलं: 'आपल्या कॉलनीतले लोक नत्थुजींना अक्षरशः देव मानतात.'

आंघोळ करून आलो तर बेचाळीस अंगठे. हात जोडलेले वेगळे. समोरच्या भावनावहिनींनी लिहिलं होतं, 'एकदम खरं सर, कोनीतरी बोललं.' आणि त्याखाली किशोरचा संदेश: 'सरांनी मांडलेल्या ठरावास माझे जाहीर अनुमोदन. सत्कार झालाच पाहिजे. आपलाच, किशोर इंगळे.'

हा किशोर आमच्या कॉलनीचा अध्यक्ष. रेती-गिट्टी-सिमेंटचं दुकान आहे. त्याला अध्यक्ष कुणी केलं हे कुणालाच माहीत नाही, पण आता काढायचं कसं हेही माहीत नाही. वाईट माणूस नाही. फक्त रिकामा मंडप बघवत नाही त्याला. आणि सत्कार हा आमच्या वऱ्हाडातला मोठा साथीचा रोग. आमच्याकडे माणूस बदलून आला तरी सत्कार, बदलून गेला तरी सत्कार, दवाखान्यातून हातपाय हलवत घरी आला तरी सत्कार. निवृत्त झालो तेव्हा मला एक शाल मिळाली होती. ती साधनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, कुणाच्या तरी गृहप्रवेशात दिली. दोन वर्षांनी एका वाचनालयाच्या कार्यक्रमात ती माझ्या खांद्यावर परत आली, भाजीच्या डागासकट.

संध्याकाळी मीटिंगला मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हे बघा, ते फक्त एक उदाहरण होतं."

"बरोबर हाय सर!" किशोर उठून म्हणाला, "असंच उदाहरन पाह्यजे समाजाले!"

टाळ्या पडल्या. मी पुन्हा तोंड उघडलं तर मला मानपत्र-समितीचा अध्यक्ष नेमण्यात आलं. खोटं कशाला बोलू, इथे माझा विरोध जरा ढिला पडला. अठ्ठावीस वर्षं शिकवून ज्या मास्तरच्या वाक्याला कुणी हिंग लावूनही विचारलं नाही, त्याच्या एका वाक्यावर बेचाळीस घरं हलली होती. मी खाली बसलो. मनातल्या मनात मानपत्राची विशेषणं जुळवायलाही लागलो.

साधना अमरावतीची. अमरावतीचं सगळं चांगलं आणि अकोल्याचं सगळं गरम, हे तिचं बत्तीस वर्षांचं मत. ती म्हणाली, "त्या मानसाले आधी विचारलं काय कोनी? का परस्परच देव करून राहिले?"

विचारायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी नत्थुजीच फाटकाशी आले. सायकल भिंतीला लावली, चपला बाहेर काढल्या आणि दारातच उभे राहिले.

"सर, थे इंग्रजीत तुमी माह्याबद्दल काही लिहलं मंते. वाचून दाखोता काय?"

मी वाचून दाखवलं. मग मराठीत सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "अजून एकडाव." मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते, जसं काही तोंड माझं आणि आवाज दुसऱ्याचा आहे. शेवटी म्हणाले, "हे तुमीच लिहलं ना सर? सोता?"

"मीच लिहिलं," मी म्हणालो.

"मंग झालं. दुसऱ्या कोनी लिहलं असतं त गोष्ट येगळी होती." त्यांनी ते कागदावर उतरवून मागितलं आणि चार घड्या करून खिशात ठेवलं. "चार मयने रायले सर माह्ये. एकतीस वर्सं झाली. कागदावर एकई डाग नाई. आता हसत घरी जातो."

त्यानंतर खरं सांगायची माझी छाती झाली नाही. सांगायचं तरी काय? की तुम्ही खिडकीतून दिसलात म्हणून?

किशोर मात्र थांबायला तयार नव्हता. फ्लेक्सचं काम त्यानं नासिरभाईंना दिलं. नासिरभाईंचं दुकान अक्षरांच्या बाबतीत चोख, पण मजकूर देणाऱ्यापुढे त्यांचा इलाज चालत नाही. मी प्रूफ तपासायला गेलो तर वर मोठ्या अक्षरांत 'आमच्या कॉलनीचे जलदैवत', खाली नत्थुजी आणि त्यांच्या दुप्पट आकाराचा, मोबाइल कानाला लावलेला किशोर.

"सर, मैं बोला उनको," नासिरभाई हळूच म्हणाले, "जिसका सत्कार है उसका फोटो तो बडा रखो. बोले, नत्थुजीच्या आयकार्डाचा फोटो हाय, मोठा केला की फाटते. अब बताओ, मैं क्या करूं?"

"आणि डोक्यामागे हे चक्र कशाला?"

"वो भी उन्होंने ही बोला. देव है, तो चक्र मंगता ना."

हा फ्लेक्स किशोरनं चौकात लावला, आणि लावला तोही नेमका नाल्यापलीकडच्या कॉलनीकडे तोंड करून. पलीकडच्यांनाही चौथ्याच दिवशी पाणी येतं. त्यांनी सकाळी उठून दात घासता घासता वाचलं, की अलीकडच्यांना एक जलदैवत आहे. बिनपाण्याच्या दिवशी दात घासणारा माणूस असली गोष्ट शांतपणे वाचू शकत नाही. दोन दिवसांत पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रार गेली: वॉलमन एकाच कॉलनीला जास्त पाणी सोडतो, म्हणून ती कॉलनी त्याची पूजा करते.

इतक्यावर भागलंही असतं. पण त्याच सुमारास किशोरला कळलं, की नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्याचा जाहीर सत्कार करायचा तर ऑफिसची पूर्वपरवानगी लागते. तिथल्या बाबूनं एक नमुना दिला. त्यात एक रकाना होता: 'कर्मचाऱ्याने सत्कार करणाऱ्यांस दिलेल्या सेवेचा तपशील.' हा रकाना माझ्यासारख्यानं भरला असता तर 'नियमानुसार' एवढंच लिहिलं असतं. किशोरनं मोकळ्या मनानं लिहिलं, 'आमच्या कॉलनीस सदैव भरपूर व इतरांपेक्षा जास्त पाणी दिल्याबद्दल.'

फ्लेक्स, तक्रार आणि हा अर्ज एका टेबलावर आले आणि नत्थुजींना नोटीस निघाली. असमान पाणीवाटप केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा समक्ष खुलासा करावा. चौकशी पुरी होईपर्यंत निवृत्तीची कागदपत्रं पुढे जाणार नाहीत.

नोटीस घेऊन ते माझ्याकडेच आले. चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं.

"सर," ते म्हणाले, "देव मानलं का नोटीस येते काय?"

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. "एकतीस वर्सं कोनी कायी मनलं नाई, तवा नोटीस नाई आली. आता सगये चांगलं बोलून राहिले, त आली." एवढं बोलून सायकल काढली आणि गेले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

कॉलनीत सल्ल्यांना पूर आला. पाणी चौथ्या दिवशी येतं, सल्ले रोज येतात. भावनावहिनी म्हणाल्या, तो मेसेजच डिलीट करा, पुरावा राहणार नाही. तो बेचाळीस फोनांत होता. कुणी म्हणालं, नत्थुजींनी आठ दिवस पाणीच सोडू नये, म्हणजे सगळ्यांना सारखं होईल. किशोर म्हणाला, मोर्चा काढू. त्यानं नासिरभाईंना मोर्चाच्या फ्लेक्सचं माप सांगूनही टाकलं होतं. नासिरभाईंनी मला फोन करून विचारलं, "सर, इसमें भी चक्र लगाना है क्या?"

इलाज माझ्या कपाटात होता, आणि तो मला एकट्यालाच माहीत होता. निदान असं मी समजत होतो.

कपाटात एक पिवळी फाइल आहे. अर्ज लिहिणे हा माझा छंद. लोक शब्दकोडी सोडवतात, मी अर्ज लिहितो. त्या फाइलीत गेल्या सहा वर्षांतले अकरा अर्ज होते, सगळे पाण्याच्या ऑफिसला. विषय: आमच्या कॉलनीस होणारा अत्यल्प पाणीपुरवठा व संबंधित वॉलमनची अक्षम्य बेपर्वाई. अकरापैकी सात अर्जांत नत्थुजींचं नाव होतं. एका अर्जात तर मी 'हा मनुष्य चावी फिरवतो की नुसता बसतो, याची चौकशी व्हावी' असा जोरदार शेवट केला होता. तो तेव्हा मलाच इतका आवडला होता, की मी तो दोनदा मोठ्यानं वाचला होता.

हे अकरा अर्ज टेबलावर ठेवले तर प्रश्न मिटत होता. जी कॉलनी सहा वर्षं पाणी कमी येतं म्हणून बोंबलते आहे, तिला जास्त पाणी मिळतं असं कोण म्हणेल? नत्थुजी सुटत होते. पण समोर नत्थुजीच असणार होते. ज्या माणसाच्या खिशात माझं ते वाक्य चार घड्या करून ठेवलेलं होतं, त्याच्यापुढे मला हे अकरा कागद मांडायचे होते.

मी साधनाला सगळं सांगितलं. वाटलं, बोलेल. ती फक्त म्हणाली, "फाइल घेऊनच जा तुमी." मग थोडं थांबून, "मीबी येतो संगं."

"तू कशाला?"

"काम हाय माह्यं," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

पाण्याच्या ऑफिसात चौकशी करणाऱ्या मॅडम तरुण होत्या, आवाजात धार होती. साधना अमरावतीची आणि आपण तिकडच्याच तिवशाच्या हे कळल्यावर त्या धारेला थोडा ओलावा आला, पण थोडाच. त्यांच्यापुढे फ्लेक्सचा फोटो होता, चक्रासकट. नत्थुजी भिंतीशी उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

"गावंडे सर, हे वाक्य तुमचं?" मॅडमनी विचारलं.

"माझं आहे. पण ते उदाहरण आहे."

"लोक देव मानतात असं तुम्ही लिहिलंय. का मानतात?"

"मानत नाहीत," मी म्हणालो. "मॅडम, त्या क्रियापदाचा अर्थच असा आहे, की त्यात समोरचा माणूस दिसेनासा होतो. आम्हाला तर तो आधीपासूनच दिसत नव्हता. आमची कॉलनी नत्थुजींना देव मानत नाही. मी मानत नाही. हे बघा." आणि फाइल उघडून मी अकरा अर्ज एकाखाली एक ठेवले.

नत्थुजींकडे बघायची माझी हिंमत नव्हती. मी टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

मॅडमनी दोन अर्ज वाचले. मग बाबूला हाक मारून नत्थुजींची फाइल मागवली. "तक्रार आली की कर्मचाऱ्याचा लेखी खुलासा घेतो आम्ही. तेही बघू." बाबूनं अकरा खुलासे काढले आणि माझ्या प्रत्येक अर्जाशेजारी एकेक ठेवला.

मी वाकून बघितलं आणि बघतच राहिलो. हे अक्षर मी बत्तीस वर्षं किराण्याच्या यादीवर बघतो आहे. तो शेपूट लांबवलेला 'र', ती डोक्यावर टोपीसारखी ठेवलेली रेघ. अकराच्या अकरा खुलासे साधनाच्या हातचे होते. माझी बायको छताच्या पंख्याकडे बघत होती.

"हे... हे तू लिहिलंस?"

"मंग काय करू?" ती पंख्यालाच म्हणाली. "तुमचा अर्ज गेला का आठ दिवसांनं थो बिचारा मांगच्या दारी यायचा, नोटीस घिऊन. लिहाची सवय नाई त्याले. तुमी तिकडे शब्दकोश चाळत बसत, मी इकडे वट्यावर बसून लिहून देत होतो. आन् लिहा लागे जपून, तुमच्या अर्जाले तोड म्हनून."

बाबू तोंडावर फाइल धरून हसत होता. मॅडमनी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "म्हणजे तक्रार आणि खुलासा एकाच घरातून?"

"एकाच," साधना म्हणाली. "पन खरं लिहिलं मॅडम. एकई शब्द खोटा नाई."

मला हसू येत नव्हतं. माझ्या डोक्यात आता एकच गोष्ट फिरत होती. म्हणजे नत्थुजींना माहीत होतं. अकराही वेळा माहीत होतं. त्या दिवशी दारात उभं राहून त्यांनी ते वाक्य तीनदा वाचायला लावलं, 'तुमीच लिहलं ना सर? सोता?' असं विचारलं, ते यासाठी. भावनावहिनींनी कौतुक केलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ते कौतुक अकरा अर्ज करणाऱ्या माणसानं केलं होतं. नत्थुजी सायकलवरून किती आनंदात घरी गेले असतील, हे मला आता कळलं. इतकी शरम मला परीक्षेत ज्याच्यावर मी कॉपीचा आळ घेतला त्या पोरापुढेही वाटली नव्हती, आणि त्या प्रकरणात चूक माझीच निघाली होती.

"नत्थुजी, तुमचं काय म्हणणं?" मॅडमनी विचारलं. "या अर्जांवरून दिसतंय की तुम्ही त्यांना जास्त पाणी देत नाही. एवढंच लिहून देता का?"

एवढंच लिहून दिलं असतं तर ते तिथेच सुटले असते. नत्थुजी भिंतीपासून पुढे आले.

"मॅडम, एक मनू काय? सरचे अर्ज बरोबर हायत."

"म्हणजे? तुम्ही चावी फिरवत नाही?"

"फिरोतो. पुरी फिरोतो. पन सरची कॉलनी लाइनीच्या शेवटी हाय. आन् तिथं पाइप दोन इंची टाकून ठेवला, बेचाळीस घरायले. मी हात तुटेस्तोवर चावी फिरोली तरी पानी कुठून जाईन? सर बोंबलते थे काही खोटं नाई. पलीकडचे लोक बोंबलते, थेबी खोटं नाई, त्यायचा वॉल घासला हाय. सहा वर्सांपासून सांगून राहिलो, कोनी आयकत नाई. पन वॉलमनले वॉल फिरवाले ठेवलं असते मॅडम, बोलाले नाई." मग त्यांनी माझ्या अर्जांकडे बोट दाखवलं. "आज पयल्यांदा मले बसून विचारलं कोनी. मनून सांगतलं. माह्यं काय व्हाचं थे होईन, पन हा पाइप बदला."

मॅडमनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग उठल्या आणि म्हणाल्या, "चला, दाखवा."

आम्ही चौघं त्यांच्या जीपमधून आमच्याच कॉलनीत आलो. मॅडमनी चेंबरचं झाकण उघडायला लावलं, वाकून पाहिलं, नाल्यापलीकडचा वॉलही पाहिला. नत्थुजी सांगत होते आणि त्या लिहून घेत होत्या. ते इतके बोलतात हे मला माहीतच नव्हतं. कुठून लाइन येते, कुठे चढ आहे, कुणाच्या अंगणाखालून पाइप जातो, सगळं तोंडपाठ. मी चावीला हात लावून बघितला. जोर केला. ती इंचभरही हलली नाही आणि माझ्या कमरेत मात्र काहीतरी हललं. साधनानं चारचौघांत ते बोलून दाखवलं नाही, एवढा मोठेपणा दाखवला.

आठ दिवसांत नोटीस मागे घेतल्याचं पत्र आलं. मार्चअखेर जवळ होती, कुठेतरी न खर्चलेला निधी होता, आणि तीन महिन्यांत आमच्या गल्लीत चार इंची पाइप पडला, पलीकडे नवा वॉल बसला. परवानगीही आली: सत्कार निवृत्तीच्या दिवशी करण्यास हरकत नाही, मात्र फ्लेक्सवर 'दैवत' हा शब्द व डोक्यामागील चक्र नसावे. किशोर दोन दिवस नाराज होता. मग त्यानं चक्राच्या जागी सूर्य उगवताना दाखवला.

त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला चौकात मंडप भरला होता. पलीकडच्या कॉलनीचेही लोक आले होते. माझं मानपत्र आठ पानांचं झालं होतं. आदल्या दिवशी मी त्यातली विशेषणं काढायला बसलो आणि शेवटी अर्धं पान उरलं. नत्थुजी नव्या धोतर-टोपीत खुर्चीच्या कडेवर बसले होते, कुणी उठ म्हणालं तर लगेच उठता यावं असे. किशोरचं भाषण चाळीस मिनिटं चाललं. नवा पाइप हा त्याच्या दूरदृष्टीचा परिणाम असल्याचं मला तेव्हा कळलं.

शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. नत्थुजींनी घड्याळ बघितलं आणि माझ्या कानाशी वाकले. "सर, तुमची बारी हाय आज. सोडून येतो मी. नव्या लाइनीचं पयलं पानी हाय." आणि शाल तशीच खांद्यावर ठेवून ते मंचावरून उतरले.

किशोर दुसऱ्या भाषणाला उठला होता. एवढ्यात चौकातल्या सगळ्यात जवळच्या घरातून आवाज आला. आधी फुसफुस हवा, मग एकदम धाड करून धार. मग दुसऱ्या घरातून. मग तिसऱ्या. भावनावहिनी उठल्या. त्यांच्यामागे आख्खी रांग उठली. "आले रे! नळ आले!" मंडपातल्या खुर्च्या पालथ्या झाल्या. साधना मला हातानं खूण करत धावली. किशोरनं माइकवर "उर्वरित भाषण ग्रुपवर टाकतो" असं जाहीर केलं आणि तोही पळाला, हार गळ्यातच.

नत्थुजी हात पुसत परत आले तेव्हा मंडपात मी एकटा होतो.

"गेले काय सगये?"

"गेले."

"बरं झालं," म्हणाले आणि पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसले. "तुमचं मानपत्र रायलं."

"वाचू?"

"वाचा ना."

मी कागद काढला. चष्मा लावला. एकच श्रोता, पण वर्गात पहिल्या दिवशी उभं राहताना वाटली होती तशी धडधड. मी कागद खाली ठेवला आणि म्हणालो, "नत्थुजी, मी तुमच्यावर अकरा अर्ज केले. आणि तुम्ही स्वतःची नोकरी टांगणीला असताना मॅडमपुढे माझी बाजू घेतली. मला तुमची माफी मागायची आहे. असं वागणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही."

"खरं होतं थे सांगतलं सर. त्यात काय."

"त्यातच सगळं आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात कुणाच्या तरी गच्चीवरून एक बाई जिवाच्या आकांतानं ओरडली, "अहो, बंद करा! भरली टाकी! बंद करा कोनीतरी!" लगेच पलीकडून दुसरी, "आमचीबी भरली! वाहून राहिलं!"

नत्थुजी ताडकन ताठ झाले. दोन्ही हातांनी माझा दंड धरला.

"आयका सर! आयका! बंद करा मनून राहिले!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "एकतीस वर्सात पयल्यांदा आयकलं मी हे. बंद करा मंते!"

आमच्याही गच्चीवरून धार रस्त्यावर पडायला लागली. साधनानं मला दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा नावानिशी मारली. नत्थुजी म्हणाले, जा सर. मी हललो नाही. आम्ही दोघं त्या उपड्या खुर्च्यांच्या मंडपात शेजारी शेजारी बसून, आख्खी कॉलनी 'बंद करा, बंद करा' म्हणून ओरडत होती ते ऐकत राहिलो.